काठ ढासळतोय, महापालिकेकडे नेमके काय मागायचे?

नदीकाठच्या जमिनीची धूप आणि त्यात महापालिकेची भूमिका, या विषयावर सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या भागांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे नदीकामाची आणि महसुली कामाची माहिती असलेल्या आमच्या सल्लागारांनी दिली आहेत.

प्रश्न : सांगलीत कृष्णाकाठी आमची दीड एकर मळीची जमीन आहे. २०१९ च्या पुरानंतर काठाचा मोठा तुकडा गेला, २०२१ नंतर आणखी गेला. महापालिका म्हणते, जमीन खासगी आहे. पाटबंधारेवाले म्हणतात, शहराच्या हद्दीतले काम आमचे नाही. मग हे काम आहे तरी कोणाचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदीचे पात्र सरकारचे. सातबाऱ्यावर नाव आहे तो काठ तुमचा. पात्रातल्या कामाला परवानगी द्यायची ती जलसंपदा विभागाने. प्रत्येक खासगी काठाला दगड लावून द्यावा असे महापालिकेवर बंधन नाही, हे आधी मान्य करू. म्हणूनच ‘आमचा काठ वाचवा’ एवढाच अर्ज केला की तो फिरत राहतो. महापालिकेच्या हातात ज्या गोष्टी आहेत, त्या एकेक नाव घेऊन मागा.

सगळ्यात आधी तिचे स्वतःचे पाणी. तुमच्या काठावरून किंवा शेजारून गटार, नाला, रस्त्याचे पाणी नदीत पडत असेल, तर त्याची व्यवस्था करणे हे महापालिकेचे बंधनकारक काम आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते आहे. इथे ‘खासगी जमीन’ हे उत्तर चालत नाही.

दुसरी मागणी अख्ख्या वळणाच्या मोजणीची आणि एकाच आराखड्याची. नदी गट नंबर पाहून काठ खात नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याची धडक बसते आणि ती पाच-सात जणांच्या जमिनीत विभागलेली असते. एकट्याने काम केले तर ते टोकांकडून उघडे पडते. वळणाच्या वरच्या टोकाच्या थोडे अलीकडून खालच्या टोकाच्या थोडे पलीकडेपर्यंत काठाचे आणि तळाचे छेद दर २० ते २५ मीटरवर घेऊन एक नकाशा करणे, हे महापालिकेच्या अभियंत्यांना जमण्यासारखे काम आहे. मोठे वळण असेल, पूल किंवा पाणीउपशाची जॅकवेल जवळ असेल, तर आराखडा नाशिकच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेकडून किंवा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून तपासून घेण्याचा आग्रह धरा.

तिसरी मागणी एकाच फायलीची. जलसंपदाचा ना-हरकत दाखला, तहसीलची माती हलवण्याची परवानगी, निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या पूररेषेच्या आत काम असल्याची नोंद, या सगळ्यांसाठी सात शेतकऱ्यांनी सात वेळा हेलपाटे घालण्यापेक्षा महापालिकेने अर्जदार व्हावे. वळणावरच्या सगळ्यांनी मिळून सह्या केलेला एकच अर्ज द्या, सोबत प्रत्येकाचा सातबारा आणि हद्द कायम मोजणीची प्रत जोडा.

पैशाचा मार्ग चौथा. राज्य आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी असतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१-२६ साठी राष्ट्रीय पातळीवर नदीची धूप ही वेगळी बाब धरली आणि धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची शिफारस केली. या निधीकडे एकटा शेतकरी जाऊ शकत नाही. प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. तो तयार करून देणे महापालिकेला शक्य आहे. काठामागे रस्ता, वस्ती, जलवाहिनी, स्मशानभूमी असे सार्वजनिक काही असेल तर ते नकाशावर ठळक दाखवा. सार्वजनिक पैसा खासगी काठावर खर्च करायला तेच कारण लागते.

प्रश्न : पूर चढत असताना काठ जागचा हलत नाही. पाणी उतरले, ऊन पडले, की दोन-चार दिवसांत धस पडते, म्हणजे काठ कोसळतो. असे का?

पूर चढलेला असतो तेव्हा बाहेरचे पाणी काठाला टेकू देते. काळ्या मातीत शिरलेले पाणी मात्र फार सावकाश निघते. नदी दोन दिवसांत कित्येक फूट उतरते, मातीतले पाणी आतच राहते. टेकू गेला, मातीचे वजन वाढलेले, आतून पाण्याचा दाब आणि पायथा पुराने कोरलेला. अशा वेळी काठ बसतो. पूर ओसरल्याचा सुस्कारा टाकून लोक काठावर जातात तो नेमका सर्वात धोक्याचा आठवडा असतो. जनावरे, ट्रॅक्टर आणि मुले, सगळ्यांना काठाच्या उंचीएवढ्या अंतरावर थांबवा. सहा मीटर उंच काठ असेल तर निदान सहा मीटर.

काठाला समांतर भेग दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोका, मधले अंतर मोजून तारीख लिहा. वाढत असेल तर तो तुकडा जाणार असे धरून चाला, तातडीने महापालिकेच्या आपत्ती कक्षाला कळवा. स्थिर असेल तर चिकणमाती ठासून भेग बुजवा, वरून पाणी वळवा. सिमेंट ओतू नका. ते मातीला धरत नाही आणि कडेने पुन्हा पाणी शिरते.

यात आपला स्वतःचाही वाटा असतो, तो मोकळेपणाने सांगतो. काठाच्या कडेपर्यंत ऊस आणि त्याला पाटाने भरपूर पाणी, म्हणजे बारा महिने काठ ओला. शेवटच्या दहा मीटर पट्ट्यात पाटपाणी बंद करा, फार तर ठिबक ठेवा. शेताचे जास्तीचे पाणी काठावरून सोडू नका. काठाच्या उंचीएवढे मागे सरकून अर्धा मीटर रुंद, दीड मीटर खोल चर खणा, पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, ११० मिलिमीटरचा भोके पाडलेला पाइप आणि खडी भरून कापड वरून बंद करा. त्याचे तोंड दगडी पायथ्यावर सोडा. कापड नसेल तर दोन वर्षांत चर गाळाने भरतो.

वीटभट्टीसाठी काठाची माती विकणे आणि पात्रातली वाळू उपसू देणे, या दोन्ही गोष्टींनी पायथा खोल जातो. समोरच्या काठावरचा उपसासुद्धा तुमचा काठ पाडू शकतो. अशा उपशाची तक्रार संहितेच्या कलम ४८ चा उल्लेख करून तहसीलदारांकडे करा, प्रत महापालिकेला द्या.

प्रश्न : शेजाऱ्याने त्याच्या प्लॉटपुरती आरसीसी भिंत बांधली. पहिल्याच पुरात भिंत पुढे झुकली आणि भिंत संपते तिथून माझा काठ आत गेला. आता मीही भिंत बांधू का?

नको. तुम्ही बांधली की तुमच्या पुढच्याचा काठ जाईल.

सरळ उभी गुळगुळीत भिंत पाण्याचा वेग शोषत नाही, ती त्याला खाली आणि पुढे ढकलते. त्यामुळे भिंतीचा पायथा खणला जातो आणि जिथे भिंत संपते तिथे भोवरा पडतो. झुकण्याचे कारण बहुधा वेगळे असते. भिंतीमागच्या मातीतल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. पूर उतरताना मागून दाब आणि खालून पाया उघडा, त्यात भिंत पुढे येणारच.

सुधारायचे असेल तर दोघांनी मिळून सुधारा. भिंतीला दीड-दोन मीटरवर पाणी निघायची भोके, मागे खडीचा थर, पायथ्याशी सुट्या दगडांचा एप्रन (तळावर अंथरलेला थर) आणि दोन्ही टोके काठात तीन ते पाच मीटर आत वळवलेली. टोक आत वळवणे हेच नेमके विसरले जाते, कारण ते ‘दुसऱ्याच्या जमिनीत’ जाते. महापालिकेने संयुक्त आराखडा करायचा तो म्हणूनच. बांधकाम परवानगी देतानाही नदीकाठच्या संरक्षक भिंतीला टोकाचा आणि पायथ्याचा छेद दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये, अशी अट घालायला तिला कोणी अडवलेले नाही.

प्रश्न : इचलकरंजीजवळ आम्ही पाच शेतकरी मिळून सुमारे १०० मीटर काठ वाचवू पाहतो. काठ सहा मीटर उंच, जवळजवळ उभा. दगड लावावा, जाळीचे खोके ठेवावेत की वाळा लावावा? किती माल लागेल?

तिन्हींची जागा वेगळी आहे. पायथ्याला दगड, वरच्या उताराला मुळे आणि जागाच नसेल तिथे जाळीबंद दगड, म्हणजे गॅबियन.

आधी कडू भाग. उभा काठ तसाच ठेवून त्यावर काहीही टिकत नाही. त्याला एकास दोन उतार द्यावा लागतो, एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे. सहा मीटर काठाचा माथा त्यामुळे बारा मीटर मागे येतो. १०० मीटर लांबीला १,२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बारा गुंठे. शेतकरी इथेच थांबतो आणि ते समजण्यासारखे आहे. पण पात्रात भराव घालून जागा वाचवायला परवानगी मिळत नाही आणि मिळू नये, कारण त्याने पूर दुसऱ्याच्या घरात जातो. हा पट्टा विकास आराखड्यात आरक्षण म्हणून दाखवलेला असेल, तर तो महापालिकेला देऊन टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो. नसेल तर मालकी तुमचीच ठेवून महापालिकेशी करार करा. ती काम करेल, तुम्ही त्या पट्ट्यात नांगर घालणार नाही, देखभालीसाठी वाट द्याल.

आता पायथ्याची खोली. पूर तळ किती खणेल, हे लेसीच्या सूत्राने काढतात आणि त्याला जागेप्रमाणे गुणतात. सरळ पात्रात १.२७, मध्यम वळणावर १.५, तीव्र वळणावर १.७५, काटकोनी वळणावर २. समजा सूत्राने पुराच्या पातळीपासून सहा मीटर खोली आली. मध्यम वळण धरून ती नऊ मीटर. सध्याचा तळ पूरपातळीपासून साडेसहा मीटर खाली असेल, तर अजून अडीच मीटर खणले जाण्याची तयारी हवी. एप्रनची रुंदी त्याच्या दीडपट, पावणेचार, म्हणजे चार मीटर धरा. हा एप्रन नदीच्या तळावर सपाट अंथरतात. खाली माती गेली की त्यातले दगड आपोआप घसरून नव्या उतारावर बसतात. म्हणून एप्रनमध्ये सिमेंट घालायचे नाही. सांधे पक्के केले की दगड घसरत नाहीत, खाली पोकळी पडते आणि एक दिवस सगळे एकदम जाते.

मालाचा हिशेब असा. उताराच्या खालच्या तीन मीटर उंचीला ३० सेंटिमीटर जाडीचे पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर करा. उतारावरची लांबी ६.७ मीटर, म्हणून १०० मीटरला सुमारे २०० घनमीटर. एप्रन चार मीटर रुंद, ६० सेंटिमीटर जाड, म्हणजे २४० घनमीटर. एकूण ४४० घनमीटर, सुमारे १५५ ब्रास. पिचिंगखाली जिओटेक्स्टाइल, जोडावर ३० सेंटिमीटर एकावर एक घेऊन आणि वरच्या कडेला चरात गाडून, जवळपास ७५० चौरस मीटर. कापड टाळून पैसे वाचवणाऱ्यांची पिचिंग दोन पावसाळ्यांत खड्डे पडून बसते. काळी माती दगडांच्या फटींतून पाण्याबरोबर निघून जाते, दगड चांगला असूनही.

दगड ३०-४० किलोचा, न झिजणारा काळा बेसाल्ट हवा. मुरमाड, पोकळ दगड परत पाठवा. दगडाचे लागणारे वजन पाण्याच्या वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग दीडपट झाला तर दगड अकरापट जड लागतो. म्हणून ‘शेजारच्या गावात हाच दगड टिकला’ हे कारण पुरेसे नाही, आपल्या वळणावरचा वेग मोजून घ्या. सेकंदाला तीन मीटरपर्यंत वर सांगितलेला दगड पुरतो.

वरच्या उताराला वाळा. उतारावर दर मीटरला समांतर एक ओळ, ठोंबांत १५ सेंटिमीटर अंतर. सात ओळींना सुमारे ४,७०० ठोंब. वाळ्याची मुळे सरळ तीन मीटरपर्यंत खाली जातात. मधल्या जागेत हरळी. पायथ्याच्या वरच्या अंगाला वाळुंज आणि शेरणी, माथ्यावर करंज, जांभूळ, उंबर, बांबूची बेटे. मोठी झाडे नेमकी कडेवर लावू नका, वाऱ्यात हेलकावली की काठच उचकटतात. बेशरम कुठेही लावू नये, ती पसरते पण माती बांधत नाही. रोपे मागायला महापालिकेचे उद्यान खाते हे योग्य दार आहे. एक वाळ्याची रोपवाटिका पूर्ण नदीकाठाला पुरते आणि हा महापालिकेसाठी सर्वात स्वस्त उपाय आहे.

घर काठाच्या कडेला आले असेल आणि बारा मीटर सोडणे शक्यच नसेल, तर खालच्या तीन मीटरला पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे गॅबियन, वर एकास दोन उतार. खोके दोन बाय एक बाय एक मीटरचे, आत दर मीटरला पडदा, तार २.७ मिलिमीटर जस्त लावलेली. दगड १५ ते २५ सेंटिमीटर, हाताने रचलेला, टोपलीने ओतलेला नव्हे. नदीत सांडपाणी येते तिथे पीव्हीसी लेप असलेलीच तार घ्या, साधी तार गंजून खोके फुटतात. गॅबियनलाही एप्रन आणि कापड लागतेच.

प्रश्न : महापालिकेच्या ९०० मिलिमीटर पाइपाचे पाणी आमच्या काठाच्या माथ्यावरून पडते. दोन वर्षांत ओघळ घळीएवढा झाला. काय मागावे?

पाणी उन्हाळ्यातल्या नदीपातळीपर्यंत नेऊन सोडा, एवढे मागा. माथ्यावर चेंबर, तिथून उतारावर पायऱ्यांचा काँक्रीट पाट, खाली पाइपाच्या व्यासाच्या सहापट लांबीचा दगडी एप्रन, म्हणजे साडेपाच मीटर, आणि त्याच्या टोकाला एक मीटर खोल आडवी भिंत. तोंडाला झडप हवी, नाहीतर पुराचे पाणी उलटे गटारातून वस्तीत शिरते. सांगलीतला शेरीनाला, कोल्हापुरातला जयंती नाला यांच्या काठी राहणाऱ्यांना पाणी उलटे येणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. घळ भरायची ती मुरूम आणि मातीच्या २० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. अर्जासोबत पाइपाचे तोंड आणि घळ यांचे टेप धरून काढलेले तारखेचे फोटो द्या.

प्रश्न : गेलेल्या जमिनीची भरपाई मिळते का? पीकविमा चालेल?

पीकविमा पिकाचा असतो, जमिनीचा नाही. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत नदीने पात्र बदलून जमिनीचा मोठा भाग नेल्यास हेक्टरी ४७,००० रुपये आणि तीन इंचांहून जास्त गाळ किंवा वाळू साचल्यास तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये ठरवले होते. हे अल्प आणि अत्यल्पभूधारकांना, महसुली नोंदीत जमीन नावावर असेल तरच. जमिनीच्या किमतीपुढे ही रक्कम फारच थोडी आहे, पण पंचनाम्याची नोंद पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला उपयोगी पडते, म्हणून ती सोडू नका. हद्द कायम मोजणी पावसाळ्याआधी करून ठेवा. काठ गेल्यावर ‘माझी हद्द इथे होती’ हे दाखवायला दुसरा भक्कम पुरावा उरत नाही. गेलेल्या क्षेत्राचा सारा कमी करून घ्यायचा अर्जही तहसीलमध्येच द्या.

प्रश्न : तोवर काठावर राडारोडा टाकला तर?

टाकू नका. विटा-सिमेंटचे तुकडे हलके आणि वेगवेगळ्या आकाराचे, पहिल्या पुरात वाहून पुढच्या बंधाऱ्यात अडकतात. शिवाय निळ्या रेषेच्या आतला, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध क्षेत्र आहे. तिथे भराव घातल्याची नोटीस तुम्हालाच येईल. टेम्पोवाला फुकट टाकून देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

प्रश्न : मी नगरपालिकेत अभियंता आहे. शेतकरी तयार आहेत, दगडही मिळतो, पण एप्रन टाकायचा तर काठाशी तीन मीटर पाणी उभे असते. कामाचा मोसम कोणता?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, घातले की नदी उन्हाळाभर तुंबलेली राहते. बर्गे निघतात तोवर पावसाळा तोंडावर येतो. त्यामुळे जलसंपदा विभागाशी ऑक्टोबरमध्येच पत्रव्यवहार करून दोन आवर्तनांच्या (धरणातून पाणी सोडायच्या पाळ्यांच्या) मधले दोन-तीन आठवडे त्या एका बंधाऱ्याची पातळी उतरवून मागा. वरच्या आणि खालच्या उपसा योजनांना आणि शहराच्या पाणीपुरवठ्याला आधी कळवा, टँकरची सोय धरा. पातळी एकदम उतरवू नका, तेवढ्यानेही काठ बसतो. रोज थोडी थोडी उतरवायला सांगा.

क्रम असा ठेवा. डिसेंबरपर्यंत मोजणी, करार आणि परवानग्या. जानेवारी-फेब्रुवारीत उतार कापणे, निघालेली माती आवाराबाहेर जाणार असेल तर गौण खनिजाचा परवाना घेऊन. पातळी उतरताच एप्रन, लगेच वर पिचिंग, वळणाच्या वरच्या टोकाकडून खाली सरकत. मेच्या मध्यापर्यंत दगडकाम संपलेच पाहिजे. अर्धवट राहिलेल्या पिचिंगच्या टोकाला पूर सगळ्यात जास्त खातो. काम पूर्ण होणार नाही असे दिसले तर लांबी कमी करा, पण टोके आत वळवून बंद करा. वाळा जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर लावा.

निविदेत पहिल्या दोन पावसाळ्यांची देखभाल घालायला विसरू नका, आणि एकूण दगडाच्या दहा टक्के, वरच्या उदाहरणात पंधरा-सोळा ब्रास, काठावर रचून ठेवायची अटही घाला. पहिल्या पुरानंतर एप्रन घसरून मध्ये फटी पडतात. तेव्हा दगड हाताशी असेल तर काम दोन दिवसांत होते, नसेल तर नवी निविदा निघेपर्यंत दुसरा पूर येतो.